रिलीव्हर आली नाही : साथरोग आणि परिचारिकांचा थकवा

#इतिहास #धागा

१/ १० मार्च १८९७. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले यांचे पुण्यात निधन झाले. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या, ही हकीकत महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे. दरवर्षी या दिवशी आपण त्यांच्या त्यागाचे स्मरण करतो. त्या स्मरणाला लागूनच एक प्रश्न उभा राहतो. साथीच्या काळात रुग्णाच्या उशाशी दिवसरात्र बसलेले माणूस थकते, तेव्हा त्या थकव्याची नोंद इतिहास कुठे करतो?

२/ ‘बर्नआउट’ हा शब्द कोविडनंतर आपल्याकडे सर्रास वापरात आला. शब्द जेमतेम पन्नास वर्षांचा आहे. अनुभव मात्र फार जुना. या धाग्यात मुंबई इलाख्याने पाहिलेल्या तीन साथी आहेत : १८९६ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा आणि २०२० चा कोविड. ओघात स्कुटारी, लंडन आणि पेनसिल्व्हेनिया येथेही जावे लागेल. माझे म्हणणे एवढेच आहे की, परिचारिकेचा थकवा हा खाटा, तास आणि माणसे यांच्या हिशेबाचा प्रश्न आहे, आणि हा हिशेब प्रत्येक साथीत गौरवाच्या शब्दांखाली झाकला गेला.

३/ सप्टेंबर १८९६. मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. (व्हिएगस मूळचे गोव्यातील हडफडे गावचे.) पुढील काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. जे राहिले, त्यांच्यातील आजारी माणसांना रुग्णालयात हलवण्याचे धोरण महापालिकेने हाती घेतले. इथेच पहिली ठिणगी पडली, कारण तत्कालीन मुंबईकराच्या मनात रुग्णालय हे बरे होण्याचे ठिकाण नव्हतेच.

४/ रुग्णालयात नेलेल्या माणसाच्या शरीरातून ‘मोमियाई’ काढतात, अशी अफवा गिरणगावात पसरली होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच. आत काम करणाऱ्यांना दुहेरी भय होते : एक संसर्गाचे, दुसरे दाराबाहेरच्या जमावाचे. ज्यांच्यासाठी जागायचे, त्यांच्याच आप्तांचा संशय सोसायचा, ही परिचर्येच्या थकव्यातील एक जुनी आणि कमी बोलली गेलेली बाजू आहे.

५/ त्याच शरद ऋतूत प्रशासनाला आणखी एका भीतीने ग्रासले होते. मुंबईची मैलासफाई करणारे हलालखोर शहर सोडून गेले तर काय? महापालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांच्या प्लेगवरील अहवालात ही चिंता स्पष्ट दिसते. सक्तीचे नियम काहीसे सैल करण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते. शहर ज्यांच्या हातांवर उभे आहे, ते हात निघून जाऊ शकतात, ही जाणीव साथीनेच करून दिली. हा तपशील ध्यानात ठेवावा; २०२० मध्ये तो पुन्हा भेटेल.

६/ प्रशिक्षित परिचारिका तेव्हा होत्या किती? अगदी मोजक्या. स्त्रियांसाठीचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झालेले, जे. जे. रुग्णालयात आणि काही मिशन रुग्णालयांत प्रशिक्षणाची नुकतीच सुरुवात. परपुरुषाच्या शरीराला स्पर्श, रात्रीची ड्युटी, मलमूत्र आणि रक्त या साऱ्यामुळे उच्चवर्णीय घरांनी हे काम ‘हलके’ मानले. त्यामुळे त्या पिढीतील परिचारिकांत युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि देशी ख्रिस्ती स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. प्लेगसाठी इंग्लंडहूनही परिचारिका मागवाव्या लागल्या. निरनिराळ्या ज्ञातींनी आपापली रुग्णालये उभारली. खाटा झपाट्याने वाढल्या, खाटांजवळ उभी राहणारी माणसे त्या वेगाने वाढली नाहीत.

७/ प्लेगवर तेव्हा औषध नव्हते. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, पण ती प्रतिबंधासाठी होती. आजारी पडलेल्याला तिचा उपयोग नव्हता. म्हणजे उपचार म्हणून जे काही होते ती शुश्रूषाच : पाणी पाजणे, अंग पुसणे, गाठींची निगा राखणे, कपडे बदलणे, वातात खाटेवरून उठून पळू पाहणाऱ्या रुग्णाला आवरणे. आणि एवढे करूनही दाखल झालेल्यांपैकी बहुसंख्य दगावत. काम वाढत जाते आणि यश हाती येत नाही. थकव्याला याहून पोषक परिस्थिती कोणती?

८/ ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. सरकारला त्याने अमर्याद म्हणावेत असे अधिकार दिले. चौथ्या कलमाने या कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्यांना खटल्यांपासून संरक्षण दिले. पुण्यात या अधिकारांचा वापर कसा झाला आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या का झाडल्या गेल्या, हे आपण शाळेत शिकतो. वॉर्डात काम करणाऱ्या माणसाला हल्ल्यापासून, अतिश्रमापासून वा उपासमारीपासून वाचवील, असे मात्र त्या कायद्यात एकही वाक्य नव्हते.

९/ आता जरा शब्दांकडे पाहू. ‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून आला आहे. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यातून आज्ञा ऐकणे, सेवा करणे आणि पुढे रुग्णसेवा असा अर्थ विस्तारला. ‘परिचारिका’ म्हणजे भोवती वावरणारी, सेविका. आणि वॉर्डातील सर्वांत रूढ हाक ‘सिस्टर’ ही ख्रिस्ती मठांतून आली. तिथे परिचर्या हे व्रत होते आणि व्रताला पगार नसतो. तिन्ही शब्द आदराचे आहेत. पण ऐकणारी, सेवा करणारी आणि व्रतस्थ अशा स्त्रीला ‘मी थकले’ म्हणायला या तिन्हींत जागा नाही.

१०/ या प्रतिमेची जगन्मान्य मूर्ती म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल. क्रिमियाच्या युद्धात नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ स्त्रियांना घेऊन ती स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचली. रात्री हातात दिवा घेऊन खाटांमधून फिरणारी स्त्री, हे तिचे चित्र पाठ्यपुस्तकांनी अजरामर केले. वास्तविक तिचे सर्वांत धारदार शस्त्र आकडा हे होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील मृत्युदर सुमारे ४२ टक्के होता. मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे आणि हवेशीरपणा सुधारल्यानंतर उन्हाळ्यापर्यंत तो २ टक्क्यांच्या आसपास उतरला.

११/ परत आल्यावर नाइटिंगेलने हेच आकडे आकृत्यांतून सरकारपुढे मांडले. सैनिक मरतात ते जखमांपेक्षा रुग्णालयाच्या व्यवस्थेमुळे, हे तिने दाखवून दिले. पण १८५७ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, तिचे स्वतःचे शरीर कोलमडले. पुढील कित्येक वर्षे तिने बहुतांशी अंथरुणावरून काम केले. भारतातील लष्कराच्या आरोग्यावरील १८६३ च्या अहवालामागचे तिचे परिश्रमही त्याच काळातले. जगाने तिचा दिवा उचलला. तिने मांडलेली हिशेबाची वही आणि तिचे मोडलेले शरीर, या दोन्ही गोष्टी चित्राबाहेर राहिल्या.

१२/ जून १९१८. मुंबईतील सात पोलीस शिपाई तापाने फणफणून पोलीस रुग्णालयात दाखल झाले. इन्फ्लुएंझाची पहिली लाट तुलनेने सौम्य होती; सप्टेंबरमध्ये दुसरी आली ती भीषण. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या वर्षी पाऊस रुसला होता, धान्य महागले होते आणि महायुद्धामुळे अनेक डॉक्टर व परिचारिका आघाडीवर होत्या. देशभरातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात.

१३/ सरकारी यंत्रणा अपुरी पडली तेव्हा ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेली सोशल सर्व्हिस लीग, ज्ञातिसंस्था आणि स्वयंसेवक पुढे आले. चाळींत औषध आणि दूध पोहोचवू लागले. हे काम मोठेच होते. पण बहुसंख्य रुग्णांच्या उशाशी यांपैकी कोणीही नव्हते. तिथे होती घरातली बाई. आई, सून, बहीण, मुलगी. बिनपगारी, बिनप्रशिक्षित आणि बहुधा स्वतःही अर्धपोटी.

१४/ याचा एक अप्रत्यक्ष पुरावा मृत्यूच्या आकड्यांतच आहे. जगात इतरत्र अनेक ठिकाणी या साथीत पुरुष अधिक दगावले. भारतात स्त्रियांचा मृत्युदर पुरुषांपेक्षा जास्त होता. आणि हा रोग विशेषकरून वीस ते चाळीस या वयोगटावर तुटून पडत होता. आजाऱ्यांची शुश्रूषा स्त्रियांकडे असल्याने, आणि स्वतः आजारी पडल्यावरही त्यांना विश्रांती न मिळाल्याने असे घडले असावे, असे स्पष्टीकरण अभ्यासक देतात. कुठल्याही हजेरीपटावर नाव नसलेल्या या परिचारिकांच्या कामाची नोंद झाली ती केवळ मृत्यूच्या रकान्यात.

१५/ १९४६. भोर समितीचा अहवाल. ब्रिटिश भारतात साधारण ४३,००० लोकांमागे एक प्रशिक्षित परिचारिका, म्हणजे सगळ्या मिळून सुमारे ७,०००. दर ५०० लोकांमागे एक, हे दीर्घ पल्ल्याचे उद्दिष्ट समितीने समोर ठेवले. परिचारिका कमी का आहेत, याचे उत्तरही अहवालात सापडते : निवास वाईट, वेतन तुटपुंजे, तास लांबलचक, प्रतिष्ठा नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच निदान झाले होते. पुढे १९८९ मध्ये सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही आठवड्याला ४० तास आणि जादा कामाचा मोबदला अशा शिफारशी केल्या. मुंबई-पुण्याच्या कोणत्याही वॉर्डात जाऊन त्यांचे काय झाले ते विचारावे.

१६/ दरम्यान, थकव्याकडे पाहण्याची शास्त्रीय दृष्टी तयार होत होती. १९६० च्या सुमारास इझाबेल मेंझीस यांनी लंडनच्या एका शिक्षण-रुग्णालयाचा अभ्यास केला. तिथे रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने होई. झोपेची गोळी देण्यासाठी झोपलेल्या रुग्णाला उठवले जाई. मेंझीस यांच्या मते हा निर्दयपणा नव्हता. रोज मृत्यूसमोर उभे राहण्याच्या भयापासून वाचण्यासाठी संस्थेने उभारलेली ती भिंत होती. भिंतीने भय मात्र कमी झाले नाही. शिकाऊ परिचारिकांपैकी सुमारे एक तृतीयांश प्रशिक्षण अर्धवट सोडून जात.

१७/ ‘बर्नआउट’ हा शब्द या अर्थाने रूढ केला हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये, न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यांतील कार्यकर्त्यांविषयी लिहिताना. क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये त्याची मोजपट्टी बनवली : भावनिक शक्ती संपणे, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणे, आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटला ‘व्यवसायाशी निगडित घटना’ म्हटले, आजार म्हटले नाही. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे कारण शोधायचे ते माणसाच्या कामात.

१८/ आणि २००२ मध्ये तो हिशेब अखेर मांडला गेला. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास केला. परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि परिचारिकेच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी. म्हणजे एकाच अपुऱ्या ड्युटी-तक्त्यामुळे खाटेवरचे माणूसही जाते आणि खाटेजवळचेही खचते. नाइटिंगेलने १८५० च्या दशकात जे गटारांविषयी सिद्ध केले, तेच इथे मनुष्यबळाविषयी सिद्ध झाले.

१९/ २०२० हे नाइटिंगेलच्या जन्माचे दोनशेवे वर्ष, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ते ‘परिचारिका आणि सुईणींचे वर्ष’ जाहीर केले होते. त्या वर्षीच्या अहवालानुसार जगात सुमारे २.७९ कोटी परिचारिका होत्या आणि तूट ५९ लाखांची. तेवढ्यात कोविड आला. आपण २२ मार्चला थाळ्या वाजवल्या, ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी झाली. दरम्यान एप्रिलच्या सुरुवातीलाच मुंबईतील एका खासगी रुग्णालयात २६ परिचारिका बाधित आढळल्या आणि ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र ठरले.

२०/ २२ एप्रिल २०२० रोजी एक अध्यादेश निघाला. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ला हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा ठरला. बदल कोणत्या कायद्यात केला? १८९७ च्या त्याच साथरोग अधिनियमात. आर्थर रोड रुग्णालयावर जमाव चालून गेला, त्याच्या काही महिन्यांनंतर झालेल्या कायद्याला, आत काम करणाऱ्या माणसाची आठवण व्हायला १२३ वर्षे लागली. मृत्यू आला तर ५० लाखांचा विमाही जाहीर झाला. थकव्याबाबत मात्र कायदा याही वेळी गप्पच राहिला.

२१/ मे २०२० मध्ये कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून तीनशेहून अधिक परिचारिका नोकरी सोडून आपापल्या राज्यांत परतल्या. त्यांपैकी १८५ मणिपूरच्या होत्या. संसर्गाची भीती, घरमालक आणि शेजाऱ्यांची वागणूक, कुटुंबाची काळजी, वेतनाविषयीचे प्रश्न, अशी कारणे तेव्हा समोर आली. १८९६ मधील हलालखोरांविषयीची ती चिंता आठवा. शहराला हातांची किंमत पुन्हा एकदा ते निघून जाताना कळली.

२२/ इथे थोडे घरचे सांगते. माझी मावशी शासकीय सेवेत परिचारिका आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ती कोविड वॉर्डात होती. पीपीई किट चढवल्यावर सहा-आठ तास पाणी नाही, स्वच्छतागृह नाही. पाळी संपताना पुढच्या परिचारिकेला रुग्णांचा ‘ओव्हर’ द्यायचा आणि निघायचे, हा नियम. मी तिला टाळ्या-थाळ्यांविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, “वॉर्डात टाळ्या ऐकू येत नाहीत गं. तिथं एकच वाक्य ऐकू येतं. सिस्टर, रिलीव्हर आली नाही, तुम्हीच थांबा.”

२३/ अमेरिकी अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये ‘नैतिक क्लेश’ ही संज्ञा मांडली. योग्य काय ते ठाऊक आहे, पण संस्थेच्या अडचणींमुळे ते करता येत नाही, अशा वेळी होणारी ही यातना. ऑक्सिजनची एक खाट आणि दारात तीन रुग्ण, हे दृश्य एप्रिल २०२१ मध्ये ज्यांनी पाहिले, त्यांना या संज्ञेची फोड करून सांगावी लागणार नाही. मावशी त्या महिन्यांविषयी फारसे बोलत नाही. एवढेच म्हणते, “प्रत्येकाकडे जायला हवं होतं. पाय दोनच होते.”

२४/ जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १,१५,००० आरोग्य कर्मचारी कोविडने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा मध्यम अंदाज आहे. साथ ओसरली आणि मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय परिचारिकांना संपावर जावे लागले. पदे बाह्यस्रोतातून, म्हणजे कंत्राटदारामार्फत, भरू नयेत ही मुख्य मागणी होती. खासगी क्षेत्राची कथा निराळी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने लहानात लहान रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये वेतन सुचवले होते. ही शिफारस आपल्या गावच्या नर्सिंग होममध्ये पोहोचली का, ते ज्याने त्याने पाहावे.

२५/ गौरव खोटा असतो, असे मला म्हणायचे नाही. सावित्रीबाईंचा त्याग खराच होता; त्यांच्यापुढे मस्तक नमतेच. पण त्यांनी तो त्याग केला तेव्हा गावाबाहेरच्या वस्तीतील मुलाला घेऊन येणारे दुसरे कोणी नव्हते, हेही त्या कथेतच आहे. एका असामान्य व्यक्तीने स्वेच्छेने केलेली गोष्ट लाखो नोकरदार स्त्रियांकडून दर पाळीला अपेक्षित धरणे, हा त्या स्मृतीचा सन्मान नव्हे. रिकाम्या पदाची जागा त्यागाने भरून काढता येत नाही.

२६/ शेवटी एक विनंती. मुंबईच्या प्लेगविषयी अहवालांतून मृत्यू, निर्जंतुक केलेली घरे, छावण्या यांचे तक्ते मिळतात. त्या तक्त्यांत थकव्याचा रकाना नाही. २०२०-२१ बद्दल असे होऊ नये. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात कुणी त्या काळात वॉर्डात असेल, तर त्यांच्याकडील ड्युटी-तक्ते, डायऱ्या, रात्री पाठवलेले संदेश रद्दीत जाऊ देऊ नका. शक्य झाल्यास त्यांच्याजवळ बसा आणि ते सांगतील ते टिपून ठेवा. शुश्रूषेचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असाच आहे. (समाप्त)